टपाल मोहिमेचा खर्च कंपनी करते, तो वसूल कुठून होतो?

निधी संकलन करणारी एक कंपनी तुमच्या संस्थेच्या नावे आवाहनपत्रे स्वखर्चाने पाठवायला तयार आहे, आणि यात तिचा फायदा काय, असे आपण विचारले आहे. कोल्हापुरातील काही सार्वजनिक न्यासांचे हिशेब मी पाहतो, त्यामुळे असे करारनामे वाचनात येतात.

अनोळखी माणसांना पाठवलेल्या शंभर पत्रांमागे एखादीच देणगी आली, तरी ते नेहमीचेच मानतात. छपाई, टपालखर्च आणि नावांच्या यादीचे भाडे त्यातून क्वचितच भरून निघते. खरी मिळकत पुढे असते, कारण एकदा दिलेला माणूस पुन्हा देण्याची शक्यता बरीच जास्त असते. मधल्या काळातील तूट कंपनी उधारीवर किंवा स्वतःच्या पैशातून सोसते. देणग्या एका स्वतंत्र खात्यात जमा होतात, त्यातून आधी छपाई-टपालाची बिले आणि कंपनीचे शुल्क वळते होते आणि उरलेले संस्थेच्या हाती पडते. शुल्क दर पत्रामागे असेल, तर देणगी येवो न येवो, जास्त पत्रे पाठवण्यातच कंपनीचे हित असते.

अमेरिकेतील युनायटेड कॅन्सर कौन्सिल या डबघाईला आलेल्या संस्थेने १९८४ मध्ये वॉटसन अँड ह्यूई या कंपनीशी पाच वर्षांचा असाच करार केला. सुमारे ८ कोटी पत्रे गेली आणि २.८८ कोटी डॉलर जमले, पण खर्च वजा जाता संस्थेला जेमतेम २२.५ लाख डॉलर मिळाले. शिवाय दात्यांच्या यादीवर कंपनीचाही हक्क राहिला. पुढे कर विभागाने संस्थेची करसवलत काढली. संस्थेचा पैसा तिच्या आतल्या मंडळींच्या खिशात गेला, असा विभागाचा आक्षेप होता. १९९९ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला, कारण कंपनी संस्थेची आतली मंडळी नव्हती. सौदा संस्थेला महागात पडला, हे मात्र त्याने बदलले नाही.

म्हणून करारनाम्यात मी प्रथम यादीचे कलम पाहतो. देणगीदारांची नावे केवळ संस्थेची राहतील आणि करार संपताच कंपनी ती वापरणार नाही, असे स्पष्ट लिहून घ्यावे. माझ्या मते शुल्काच्या टक्केवारीपेक्षाही हे महत्त्वाचे आहे. बँक खाते संस्थेच्या नावे, विश्वस्तांच्या सहीचे असावे. मोहीम मध्येच थांबवल्यास न फिटलेली तूट कोणाच्या डोक्यावर, हे कलम बहुधा शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असते. धर्मादाय आयुक्तांकडे जाणाऱ्या हिशेबात जमलेली पूर्ण देणगी जमेस आणि कंपनीचे बिल खर्चात दाखवावे, नुसती हाती आलेली रक्कम नव्हे.