पशुवैद्यकाला विचारा : दाराला कुलूप लागल्यानंतर

गेल्या काही महिन्यांत ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांमध्ये एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आली आहे. घरात माणसे असली की कुत्रा अगदी शहाणा असतो, आणि माणसे बाहेर पडली की घर डोक्यावर घेतो. या अंकातील सदर म्हणून त्याच विषयाला दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून नावे गाळली आहेत.

प्रश्न : आम्ही कासारवडवलीला राहतो. २०२१ मध्ये दोन महिन्यांची असताना आणलेली आमची गावठी कुत्री चिकू आम्हा दोघांच्या वर्क फ्रॉम होमच्या काळातच मोठी झाली. आता दोघांनाही आठवड्यातले चार दिवस ऐरोलीला ऑफिसात जावे लागते. आम्ही निघालो की ती मुख्य दार ओरबाडते, हॉलमध्ये शू करते आणि शेजारच्या काकूंच्या म्हणण्याप्रमाणे सारखी रडते. परत आल्यावर तिला दार दाखवून रागावले की ती कान पाडून कोपऱ्यात जाते, म्हणजे चूक तिला कळते. माझ्या यजमानांच्या मते ती आमच्यावर राग काढते आहे. तिला शिस्त कशी लावावी?

उत्तर : चिकू राग काढत नाही आणि हा शिस्तीचा प्रश्नही नाही. माणसे ज्या वाटेने गेली तिथेच होणारी नासधूस, एरवी बाहेर शू करणाऱ्या कुत्रीने घरात केलेली शू आणि एकटी राहिल्यावरच सुरू होणारे रडणे ही तीन लक्षणे एकत्र आली की पशुवैद्यकाच्या मनात प्रथम सेपरेशन अँग्झायटी, म्हणजे एकटे राहण्याची तीव्र भीती, येते. भीतीच्या त्या अवस्थेत शू होणे, लाळ गळणे किंवा धाप लागणे यावर कुत्र्याचा ताबा राहत नाही.

कोपऱ्यात जाण्याबद्दल म्हणाल, तर अमेरिकेतील संशोधक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून असे दिसले की, कुत्र्याचा तो ‘अपराधी’ चेहरा त्याने काही केले आहे की नाही यापेक्षा मालक रागावला आहे की नाही यावर अवलंबून असतो. चिकू आपला चढलेला आवाज ओळखते. सकाळी दहाला ओरबाडलेल्या दाराशी संध्याकाळी सातच्या बोलण्यांचा संबंध तिला लावता येत नाही. उलट, जिची वाट पाहत दिवस काढला त्या परतण्याच्या वेळेचीही धास्ती बसली, तर दुखणे वाढतेच. रागावणे आजपासून बंद करावे.

त्यानंतरचे पहिले काम आहे पाहण्याचे. जुना मोबाइल दाराकडे तोंड करून टीव्हीच्या कपाटावर ठेवावा, त्यावरून व्हिडिओ कॉल चालू करावा आणि नेहमीप्रमाणे बाहेर पडून खाली सोसायटीच्या बाकावर बसून पाहावे. खऱ्या भीतीची लक्षणे बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच दिसू लागतात : दार आणि खिडकी यांमध्ये येरझाऱ्या, तोंड वर करून रडणे, झोप आलेली नसताना जांभया, वारंवार ओठ चाटणे, फरशीवर लाळेचे ओघळ आणि एरवी झडप घालून खाल्ल्या जाणाऱ्या खाऊला तोंडसुद्धा न लावणे. कुत्री निवांत झोपली आणि दोन तासांनी उठून तिने उशी फाडली, तर तो बहुधा कंटाळा असतो, आणि त्यावर उपाय म्हणजे अधिक फिरणे, हुंगणे आणि चघळायला काहीतरी देणे. केवळ लिफ्टचे दार वाजले किंवा कुरिअरवाला आला की भुंकत असेल, तर दुखणे तिसरेच. तिन्हींचे उपचार वेगळे असल्यामुळे न पाहता केलेला उपाय बहुधा वाया जातो.

भीतीच आहे असे दिसले, तर उपचाराचे सूत्र एवढेच की, कुत्रीला न घाबरता जेवढा एकटेपणा सोसतो तेवढाच द्यायचा आणि तो हळूहळू वाढवायचा. सुरुवात घराबाहेर पडण्यापासूनही होत नाही. किल्ल्यांचा खुळखुळाट, लॅपटॉपची बॅग, ऑफिसचे बूट यांच्यावरून आता आपण जाणार हे चिकूने केव्हाच ताडलेले असते. म्हणून सुटीच्या दिवशी किल्ल्या उचलाव्यात आणि चहा घेत बसावे. बूट घालून भाजी निवडावी. त्या वस्तूंचा आणि जाण्याचा संबंध सैल झाला की मग दाराकडे वळावे. लाकडी दार उघडून मिटणे, सेफ्टी डोअर ओढणे, काही सेकंद बाहेर उभे राहणे, लॅच लावणे, लिफ्टचे बटण दाबणे, लिफ्टने खाली जाऊन लगेच वर येणे, ही प्रत्येक स्वतंत्र पायरी आहे. उंच इमारतींमध्ये लोखंडी दाराचा खणखणाट आणि त्यामागोमाग येणारा लिफ्टचा आवाज या जोडीवरच कित्येक कुत्र्यांची घालमेल सुरू होते, त्यामुळे या दोन पायऱ्यांना सर्वांत जास्त वेळ द्यावा लागला तर नवल वाटू देऊ नये.

वेळ वाढवताना ती सरळ चढत्या क्रमाने वाढवू नये. वीस सेकंदांनंतर पुन्हा आठ सेकंद, मग तीस, मग बारा असे केले, म्हणजे दर खेपेला आता आणखी अवघड येणार असे तिला वाटत नाही. मोबाइलवर ती अस्वस्थ होताना दिसली, की रडणे सुरू होण्याआधीच परत यावे आणि पुढची खेप सोपी ठेवावी. पहिली तीस-चाळीस मिनिटे गाठायलाच बहुतेक वेळ लागतो; त्यापुढे मोठ्या उड्या मारता येतात. एकूण काळ आठवड्यांचा नव्हे तर बहुधा महिन्यांचा असतो, आणि मध्ये विजांचा गडगडाट किंवा दिवाळीचे फटाके आले तर चार पायऱ्या मागेही यावे लागते, कारण आवाजाची भीती आणि एकटेपणाची भीती अनेक कुत्र्यांत हातात हात घालून येतात.

सर्वांत जड अट याच काळातली आहे. चिकूला सोसवेल त्यापेक्षा जास्त वेळ तिला एकटे सोडायचे नाही, कारण रोज सकाळी केलेला सराव दुपारच्या आठ तासांच्या घबराटीत वाहून जातो. दोघांनी ऑफिसचे दिवस वेगवेगळे मागून घ्यावेत, आई किंवा सासूबाईंना काही दिवस बोलवावे, कुत्र्यांच्या पाळणाघराची चौकशी करावी. पुष्कळ कुत्र्यांना अमुकच माणूस लागत नाही, ओळखीचे कोणीतरी जवळ असले की पुरते. तक्रार करणाऱ्या काकूंनाच दुपारी थोडा वेळ येऊन बसण्याची विनंती करायला हरकत नाही. अशा तक्रारींत वैतागाइतकीच कणवही असते, असा माझा अनुभव आहे. निघण्यापूर्वी तिला चांगले फिरवून आणावे, मात्र घर जंगलाच्या कडेला असेल तर अंधारात येऊरच्या बाजूला नेऊ नये, कारण बिबट्याला कुत्रे हे सोपे भक्ष्य असते. आणि नुसते दमवून ही भीती जात नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : आम्ही खारघरला राहतो. आमचा बीगल एकटा राहिला की रडतो. सोबतीला दुसरा कुत्रा आणावा की त्याला पिंजऱ्यात ठेवण्याची सवय लावावी?

उत्तर : याच कारणासाठी दुसरा कुत्रा आणू नये. ज्याला माणसे नसल्याची भीती वाटते त्याला दुसऱ्या कुत्र्याच्या सोबतीने दिलासा मिळेलच असे नाही, आणि न मिळाल्यास खर्च, फिरवणे आणि कदाचित रडणेही दुप्पट होते. दुसरा कुत्रा मुळातच हवा असेल तर गोष्ट वेगळी. तरीही ओळखीतल्या एखाद्या शांत कुत्र्याला काही दिवस घरी ठेवून कॅमेऱ्यावर फरक पाहावा. पिंजऱ्याबाबत तर अधिकच सावध असावे. आपणहून पिंजऱ्यात जाऊन झोपणाऱ्या कुत्र्याला तो हक्काचा कोपरा वाटतो, पण घाबरलेल्या कुत्र्याला कोंडले तर तो गज चावून दात मोडून घेतो आणि नखे रक्तबंबाळ करून घेतो. बाथरूममध्ये किंवा बाल्कनीत कोंडल्यानेही हेच होते, आणि बाल्कनीत तर उडी मारण्याचा धोका असतो.

प्रश्न : नेरुळच्या डॉक्टरांनी आमच्या लॅब्रॅडॉरला एकटेपणाच्या भीतीसाठी फ्लुओक्सेटिन लिहून दिले आहे. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात की मुक्या जनावराला गुंगीच्या गोळ्या देणे पाप आहे. शिवाय हे औषध माणसांचे आहे म्हणे.

उत्तर : हे गुंगीचे औषध नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कुत्र्यांमधील याच दुखण्यासाठी क्लोमिप्रामिनला १९९८ मध्ये आणि फ्लुओक्सेटिनला २००७ मध्ये मान्यता दिली, आणि दोन्ही वेळा ती वर्तन सुधारण्याच्या सरावाच्या जोडीने वापरण्यासाठी दिली. फ्लुओक्सेटिन माणसांनाही दिले जाते हे खरे, पण मात्रा आणि देखरेख वेगळी असते, त्यामुळे घरातल्या कोणाच्या गोळ्या त्याला देऊ नयेत. औषधाचे काम भीतीची पातळी इतकी खाली आणणे आहे की कुत्र्याला नवे काही शिकता यावे. जो कुत्रा दार बंद होताच लाळ गाळू लागतो त्याला औषधाशिवाय पहिली पायरीच चढता येत नाही, आणि अशा वेळी औषध नाकारण्यात मला तरी दया दिसत नाही.

परिणाम दिसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून आठवडाभरात फरक नाही म्हणून गोळ्या बंद करू नयेत, आणि बंद करायच्या झाल्या तरी डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कराव्यात. सुरुवातीला भूक मंदावणे किंवा सुस्ती येणे शक्य आहे. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर ते आधीच सांगावे. आणखी एक गोष्ट आपल्या दमट हवेत फार महत्त्वाची आहे : गोचिडांसाठी वापरले जाणारे अमिट्राझ, मग ते अंघोळीच्या पाण्यात घालायचे द्रावण असो वा गळ्यातला पट्टा, फ्लुओक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिन चालू असताना वापरू नये, दोन्ही मिळून गंभीर त्रास होऊ शकतो. गोचिडांवर दुसरी औषधे आहेत, ती डॉक्टर सुचवतील. खऱ्या गुंगीच्या औषधांबद्दल मात्र घरच्यांची शंका रास्त आहे. एसेप्रोमाझिनसारखे औषध एकटे दिले तर शरीर गळून पडते, मनातली भीती तशीच राहते.

प्रश्न : पाचपाखाडीतल्या आमच्या बारा वर्षांच्या पॉमेरेनियनने आजवर एकटे राहायला कधी कुरकुर केली नाही. दोन महिन्यांपासून मात्र तो आम्ही शेजारी गेलो तरी रडतो, आणि रात्रीही उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहतो.

उत्तर : आधी तपासणी करावी, प्रशिक्षकाचा विचार नंतर. उतारवयात अचानक सुरू झालेल्या अशा वागण्यामागे सांध्यांचे दुखणे, दृष्टी किंवा श्रवण मंदावणे, मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह यांपैकी काहीही असू शकते. रात्रीचे जागणे, ओळखीच्या घरात वाट चुकणे आणि कोपऱ्यात अडकून उभे राहणे ही म्हाताऱ्या कुत्र्यांमधील स्मृतिभ्रंशाची खूण आहे. रक्त, लघवी आणि रक्तदाब या तपासण्या ठाण्यातच होऊ शकतात. तोवर रात्री पॅसेजमध्ये मंद दिवा ठेवावा, फर्निचर हलवू नये, घसरणाऱ्या फरशीवर सतरंजी टाकावी आणि त्याचे अंथरूण आपल्या खोलीत घ्यावे.

प्रश्न : आमच्या वाशीच्या सोसायटीने नोटीस दिली आहे की भुंकणारा कुत्रा पंधरा दिवसांत हलवावा. आम्ही काय करावे?

उत्तर : भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमतानेही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, आणि भुंकणे ही कुत्र्याची स्वाभाविक अभिव्यक्ती मानली आहे. त्याच सूचनांत सततच्या भुंकण्याने शेजाऱ्यांना त्रास होऊ नये, विशेषतः रात्री, यासाठी मालकाने सर्व प्रयत्न करावेत असेही म्हटले आहे. नोटिशीला उत्तर देताना पहिले वाक्य तेवढे उद्धृत करून दुसरे गाळू नये. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० हादेखील दोन्ही बाजूंनी लागू होतो. दबावाखाली कुत्र्याला कुठेतरी सोडून येणे हा त्यानुसार गुन्हा आहे, तसेच नेहमी साखळीला बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हाही.

लेखी उत्तरासोबत महापालिकेचा परवाना, लसीकरणाचे कागद आणि उपचार सुरू असल्याची डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी. विजेचा धक्का देणारा किंवा फवारा मारणारा भुंकणे थांबवण्याचा पट्टा कोणी सुचवला तर नकार द्यावा. भीतीने रडणाऱ्या कुत्र्याला त्याने आणखी एक भीती मिळते. त्याऐवजी सेक्रेटरींना विनंती करावी की, तक्रार करणाऱ्यांनी दोन आठवडे भुंकण्याच्या नेमक्या वेळा लिहून द्याव्यात. घरातल्या कॅमेऱ्याच्या चित्रीकरणाशी त्या जुळवून पाहिल्या, म्हणजे उपचाराने किती फरक पडतो आहे ते डॉक्टरांना कळेल, आणि तक्रारीतले किती भुंकणे आपल्या कुत्र्याचे व किती खाली गेटवरच्या कुत्र्यांचे, हेही सोसायटीच्या बैठकीत दाखवता येईल.