सुसंगत, कलासंबद्ध की संसक्त? चिकटतं कोण, चालतं कोण

प्रश्न असा आहे : 'कोहेरंट लाइट'ला (लेसरचा प्रकाश हे त्याचं ठळक उदाहरण) मराठीत 'सुसंगत प्रकाश' म्हणावं, 'कलासंबद्ध' की 'संसक्त'? आणि त्याला जोडून, 'फोटॉन बंचिंग'ला, म्हणजे प्रकाशाचे कण सुटेसुटे न येता जवळजवळ येण्याला, 'गुच्छन' चालेल का?

शब्दांकडे वळण्याआधी एका वाक्याचा समाचार घ्यायला हवा. "लेसर सुसंगत असतो, म्हणजे त्यातले फोटॉन संचलनातल्या जवानांसारखे सारख्या अंतराने, पावलाला पाऊल जुळवून येतात." व्याख्यानांत, चित्रफितींत, परीक्षेच्या उत्तरांत, जिथे तिथे हेच. साफ चूक. स्थिर लेसरचा झोत इतका मंद करा की मोजणीच्या एका खिडकीत, म्हणजे ठरावीक छोट्या कालावधीत, सरासरी एक फोटॉन यावा. मग शंभरातल्या 37 खिडक्या रिकाम्या जातात, 37 मध्ये एक फोटॉन सापडतो, 18 मध्ये दोन, आणि उरलेल्या 8 मध्ये तीन किंवा जास्त. ही 'प्वासाँची वाटणी', एकमेकींशी संबंध नसलेल्या घटनांची. पत्र्यावर पावसाचे थेंब पडतात तशी; आत्ता एक पडला म्हणून पुढचा कधी पडेल याचा काही पत्ता लागत नाही. कुठलं संचलन नि कुठले जवान!

जुळलेली असते ती तरंगाची चाल. या क्षणाची कला (फेज, म्हणजे तरंग आपल्या आवर्तनात कुठवर आलाय ते) ठाऊक असेल, तर किती वेळानंतरची कला खात्रीने सांगता येते, एवढाच कोहेरन्सचा मूळ सवाल. पांढऱ्या प्रकाशात ही खात्री मायक्रोमीटरभर अंतरात संपते, साध्या हीलियम-निऑन लेसरमध्ये वीसेक सेंटिमीटर टिकते, एकाच मोडवर, म्हणजे एकाच कंपनसंख्येवर, बांधलेल्या लेसरमध्ये शेकडो मीटर.

आता व्युत्पत्ती. लॅटिन 'कोहेरेरे' म्हणजे एकमेकांना चिकटून असणं. 'हेरेरे' म्हणजे चिकटणं. (इंग्रजी 'हेजिटेट' याच घरातला. चिकटून बसलं की अडखळणं आलंच.) संस्कृतात याच अर्थाचा धातू 'सञ्ज्'. त्यातून सक्त, आसक्त, संग, प्रसंग. म्हणून 'संसक्त'चा आग्रह धरणारे पंडित छाती काढून सांगतात की आमचं भाषांतर धातूला धातू लावून केलेलं आहे. आहेच. पण लॅटिनने केलेली चूक मराठीने कशासाठी गिरवायची?

आपल्याकडे 'सुसंगत' आहे. त्यातली 'संगत' ही 'संग'ची सख्खी बहीण वाटते, ती नाही. 'संग' सञ्ज् मधून, चिकटणारा. 'संगत' सम् + गम् मधून, बरोबर जाणारी. मैफलीत तबल्याची संगत असते तेव्हा तबलजी गायकाला चिकटलेला नसतो. गायक तानेत कुठेही भटकून येवो, आवर्तन कुठवर आलंय हे तबलजीला ठाऊक असतं आणि तो समेवर हजर असतो. पुढची मात्रा कुठे पडणार हे आधी सांगता येणं : कोहेरन्सची याहून नेटकी व्याख्या शोधून सापडायची नाही, आणि ती आपल्या शब्दाच्या पोटातच आहे.

गंमत पुढेच आहे. चिकटणारे फोटॉन खरोखर असतात, पण ते लेसरमध्ये नव्हे, दिव्यात! 1956 मध्ये हॅनबरी ब्राउन आणि ट्विस यांनी पाऱ्याच्या दिव्याची एक रेषा गाळून घेतली, अर्धपारदर्शक आरशाने झोत दुभागला आणि दोन फोटोमल्टिप्लायरांवर (मंद प्रकाश टिपणाऱ्या नळ्यांवर) पाडला. दोन्हीकडचे चढउतार एकमेकांशी जुळत होते. कित्येक भौतिकशास्त्रज्ञांनी हे अशक्य म्हणून उडवून लावलं, तरी त्याच युक्तीने, सर्चलाइटचे आरसे वापरून, त्यांनी व्याधाच्या ताऱ्याचा कोनीय व्यास मोजला. असल्या बेशिस्त प्रकाशात सरासरी एकच फोटॉन ठेवला आणि खिडकी कोहेरन्सच्या काळाहून (कलेची खात्री टिकते त्या वेळाहून) बरीच छोटी घेतली, तर शंभरात 50 खिडक्या रिकाम्या, 25 मध्ये एक, साडेबारांमध्ये दोन, साडेबारांमध्ये तीन किंवा जास्त. रिकाम्याही अधिक, गर्दीच्याही अधिक. एक फोटॉन आला की त्याच्या सोबत दुसरा सापडण्याची शक्यता निव्वळ योगायोगाच्या किती पट, हा आकडा म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीत 'जी-टू'. या प्रकाशाचा तो शून्य विलंबाला 2, लेसरचा 1. म्हणजे 'संसक्त' हे विशेषण ज्याला शोभतं तो प्रकाश पुरता कोहेरंट नाहीच.

'कलासंबद्ध' वाल्यांचं दुखणं वेगळं. फेजसाठी 'कला' हा शब्द लाखमोलाचा आहे, ग्रीक शब्दही चंद्राच्या कलांसाठीच वापरात होता. पण दिव्याचा प्रकाश पुरेसा अरुंद गाळला तर त्याची कला लेसरइतकीच बांधलेली राहते, व्यतिकरणाचे (दोन झोत एकमेकांवर पाडल्यावर दिसणारे) पट्टे तितकेच ठळक पडतात, आणि जी-टू तरीही 2. भौतिकशास्त्रज्ञ ग्लाउबर यांनी 1963 मध्ये कोहेरन्सची व्याख्या पायरीपायरीने सर्व दर्जांपर्यंत नेली; कला जुळणं ही पहिली पायरी, फोटॉन जोडीने कसे येतात ही दुसरी (सुदर्शन यांचं त्याच विषयावरचं काम त्याच वर्षीचं). 'कलासंबद्ध' पहिल्याच पायरीवर बसून राहतो. तेवढ्यापुरता वापरा; सबंध संकल्पनेला लावू नका.

दिव्यातले हे घोळके पडताळून पाहणाऱ्यांची फसगत ठरलेली. साधा बल्ब लावून जी-टू मोजला की 1 येतो, आणि बल्बही लेसर ठरतो! बल्बचा कोहेरन्सचा काळ काही फेमटोसेकंद, नेहमीच्या डिटेक्टरला त्याच्या कित्येक पटींनी मोठ्या वेळाखालचं काही वेगळं दिसत नाही. घोळके त्या सरासरीत विरघळतात. त्यापेक्षा लेसर फिरत्या घासलेल्या काचेवर टाका, म्हणजे तो दिव्यासारखाच बेशिस्त होतो. पण कोहेरन्सचा काळ मायक्रोसेकंदांपर्यंत लांबतो, काचेच्या वेगावर आणि ठिपक्याच्या आकारावर अवलंबून. तरी 2 येत नसेल तर डिटेक्टरपुढचं छिद्र बघा. काचेमुळे पडणारे उजेडाचे चट्टे त्यात एकाहून जास्त मावत असतील. एकाच डिटेक्टरवर भागवू नका, कारण एक फोटॉन मोजला की तो काही नॅनोसेकंद आंधळा असतो आणि फोटॉन एकमेकांना टाळताहेत असा खोटाच निकाल देतो. दोन लावलेत तर एकाच्या हिमस्खलनातली (फोटॉन टिपताना आत उसळणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या लोंढ्यातली) ठिणगी दुसऱ्याला दिसणार नाही एवढी आड करा, नाहीतर नसलेला घोळका दिसेल.

'गुच्छन' राहिलंच. नको. फुलांचा गुच्छ कुणीतरी बांधतं, इथे बांधणारं कुणी नाही. 'घोळक्याने येणं' म्हणा. उलट प्रकारासाठी, म्हणजे किंबल, दाजेने आणि मँडेल यांना 1977 मध्ये सोडियमच्या अणूंकडून मिळाला तसल्या प्रकाशासाठी, मराठीत 'फटकून येणं' तयारच आहे. एक फोटॉन सोडलेला अणू पुन्हा उत्तेजित होईपर्यंत दुसरा सोडू शकत नाही, म्हणून ते फटकून. लेसर मंद करून हे फटकून येणं मिळत नाही. सरासरी 0.1 वर आणलात तरी रिकाम्या नसलेल्या खिडक्यांपैकी शंभरात सुमारे पाचांत एकाहून अधिक फोटॉन असतात, आणि जी-टू 1 चा 1 च.