पंधराव्या वर्षी दाखल झालेला गुन्हा एनडीएच्या आड येईल का?

प्रश्न : माझा मुलगा एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) लेखी परीक्षा पास झाला आहे, आता एसएसबीची, म्हणजे लष्करी अधिकारी निवडण्याच्या मुलाखतीची तयारी करतो आहे. 2022 च्या पोळ्याला गावाच्या वेशीत कोणाची बैलजोडी पुढे जाणार यावरून भाऊबंदकीत भांडण झालं, काठ्या निघाल्या. मुलगा तेव्हा पंधरा वर्षांचा, दहावीत होता. फिर्यादीत त्याचे काका आणि दोन चुलतभाऊ यांच्यासोबत त्याचंही नाव आलं. कलमं 324, 323, 504, 506 आणि 34, म्हणजे हत्याराने दुखापत, मारहाण, शिवीगाळ, धमकी आणि सगळ्यांचा मिळून इरादा. त्याला जळगावला बाल न्याय मंडळासमोर दोनदा नेलं, नंतर तारीखच आली नाही. मोठ्यांची केस तालुक्याच्या कोर्टात अजून चालू आहे. एक जण म्हणतो, पैसे द्या, पोलीस रिपोर्ट कोरा करून आणतो. दुसरा म्हणतो, फॉर्मवर ‘नाही’ लिहून मोकळे व्हा. तिसरा म्हणतो, हायकोर्टातून गुन्हा रद्द केल्याशिवाय काही होणार नाही. मी अंगणवाडी सेविका आहे, एवढा खर्च झेपणारा नाही. मना पोऱ्यानं आते कसं व्हई?
– एक आई, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, जिल्हा जळगाव

उत्तर : ताई, नमस्कार. तुमचं नाव, गाव, मुलाची शाळा यातलं काहीच इथे दिलेलं नाही, कारण अशा मुलाची ओळख उघड करायला कायद्यानेच मनाई केली आहे. तिघांनी दिलेले तिन्ही सल्ले बाजूला ठेवा. पहिला गुन्ह्याकडे नेणारा आहे, दुसरा मुलाचं करिअर घालवू शकतो आणि तिसऱ्याची आज गरज नाही. तुम्हाला खरोखर हवा असलेला कागद एकच, आणि तो पोलीस ठाण्यात नाही, जळगावच्या बाल न्याय मंडळात आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते सांगतो. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 याच्या कलम 74 चं दुसरं पोटकलम अगदी तुमच्या प्रश्नासाठीच लिहिल्यासारखं आहे. मुलाचं प्रकरण प्रलंबित असो, बंद झालेलं असो किंवा निकाली निघालेलं असो, चारित्र्य दाखल्यासाठी किंवा दुसऱ्या कोणत्याही कारणासाठी पोलिसांनी त्याचा अभिलेख उघड करायचा नाही. कलम 24 त्याही पुढे जातं. मंडळाने मुलाला दोषी धरलं, तरी त्या निष्कर्षामुळे पुढे त्याला कसलीही अपात्रता चिकटत नाही. याला अपवाद आहे तो सोळा वर्षांवरच्या मुलाचा, ज्याच्यावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालतो. तुमचा मुलगा तेव्हा पंधरा वर्षांचा होता, त्यामुळे तो प्रश्नच उद्भवत नाही.

मात्र पोलिसांनी उघड करायचं नाही, याचा अर्थ प्रकरण संपलं असा होत नाही. तुमची खरी अडचण तिथे आहे. तारीख आली नाही म्हणजे केस मिटली, असं तुम्ही धरून चाललात. मंडळाच्या दप्तरात ते प्रकरण आजही प्रलंबित दिसत असेल, तर फॉर्मवर ‘प्रकरण प्रलंबित आहे का’ असं विचारल्यावर मुलाला ‘नाही’ लिहिता येत नाही. दोनचार तारखांना जायचं, मग शेतीच्या आणि शाळेच्या धबडग्यात विसरून जायचं, हे आपल्याकडे फार होतं. नोकरीची वेळ आली की ते कागद पुढे येतात.

इथेही कायदा तुमच्या बाजूने आहे. मुलाला पहिल्यांदा मंडळासमोर हजर केल्यापासून चार महिन्यांत चौकशी संपवायची असते. मंडळाला कारणं नोंदवून आणखी जास्तीत जास्त दोन महिने वाढवता येतात. किरकोळ गुन्ह्यात एवढ्या मुदतीतही चौकशी पुरी झाली नाही, तर कलम 14 (4) प्रमाणे कार्यवाही संपुष्टात येते. किरकोळ म्हणजे ज्याला जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत कैद आहे असा गुन्हा. तुमच्या फिर्यादीतल्या कलम 324 ला जुन्या भारतीय दंड संहितेत तीन वर्षांपर्यंतच शिक्षा होती; 506 ला मात्र ठार मारण्याची किंवा जबर दुखापतीची धमकी असेल, तर सात वर्षांपर्यंत. घटना 2022 ची असल्यामुळे जुनी संहिताच लागू होते, 1 जुलै 2024 पासून आलेली न्याय संहिता नाही. दोषारोपपत्रात 506 चा हा जड भाग लावलाय का किंवा पुढे 326 (घातक हत्याराने जबर दुखापत) सारखं कलम वाढलंय का, एवढं तपासून घ्या. तसं असेल तर मंडळाकडून रीतसर निकाल घ्यावा लागेल.

म्हणून या आठवड्यातच जळगावला जा. मुलाचं दहावीचं प्रमाणपत्र सोबत घ्या. वयाच्या पुराव्यात कायदा शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र पहिल्यांदा बघतो. फिर्याद लिहिताना वय अंदाजाने टाकलेलं असतं, त्याचा पुढे वाद नको. मंडळाला साधा अर्ज द्या : अमुक गुन्हा क्रमांक, अमुक तारखेला मुलाला हजर केलं, मुदत संपून गेली आहे, तरी कलम 14 (4) प्रमाणे कार्यवाही संपल्याचा आदेश व्हावा. वकिलाची फी देण्याची गरज नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जळगावातच आहे. 15100 या क्रमांकावर फोन केला तरी चालेल.

आदेश झाला की त्याच दिवशी प्रमाणित प्रतींसाठी अर्ज करा आणि तीन-चार प्रती घेऊन ठेवा. हे मी मुद्दाम सांगतो. ठरावीक मुदतीनंतर मुलाचा अभिलेख नष्ट करण्याची तरतूद कायद्यात आहे आणि ती चांगलीच आहे. पण मंडळाची फाइल गेली आणि पोलिसांच्या संगणकात मोठ्यांच्या गुन्ह्यात मुलाचं नाव तसंच राहिलं, तर प्रकरण संपलं हे दाखवायला तुमच्या हातात काहीच उरत नाही.

आता पोलीस पडताळणीचं. तुम्ही स्वतः ऑनलाइन अर्ज करून घेता ते चारित्र्य प्रमाणपत्र वेगळं आणि निवडीनंतर मुलाने भरलेल्या फॉर्मवरून जिल्ह्यात होणारी पडताळणी वेगळी. शेवटी दोन्ही कागद त्याच पोलीस ठाण्यात येतात. गोपनीय शाखेचे अंमलदार घरी येतील, पोलीस पाटलांना विचारतील, ठाण्यातला अभिलेख बघतील आणि दोन ओळी लिहितील. ‘अभिलेख पडताळला असता’ यापुढे काय लिहिलं जातं, यावर सगळं असतं. म्हणून ते घरी येण्याची वाट बघू नका. मंडळाच्या आदेशाची प्रत जोडून ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना आणि पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या जिल्हा विशेष शाखेला लेखी अर्ज द्या. त्यात कलम 74 (2) स्पष्ट लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. बहुतेक वेळा समोरच्याने हे कलम कधी वाचलेलंच नसतं, दाखवलं की काम सरळ होतं. तरीही उलट शेरा गेलाच, तर अधीक्षकांकडे तक्रार करा. तिथेही ऐकलं नाही, तर उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाची वेळ येईल, त्याआधी नाही.

पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. तो नुसता मध्यस्थ असेल, पण साहेबांच्या नावाने मागत असेल, तर 1064 वर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळवा.

फॉर्मबद्दल माझं मत ठाम आहे. केंद्र सरकारच्या साक्षांकन फॉर्मवर, म्हणजे निवडीनंतर पडताळणीसाठी भरायच्या त्याच फॉर्मवर, अगदी वर ताकीद छापलेली असते की खोटी माहिती दिली किंवा माहिती दडवली तर उमेदवार अपात्र ठरेल. खाली प्रश्न सुटे सुटे असतात : कधी अटक झाली होती का, खटला चालला का, दंड झाला का, कोणत्या न्यायालयात प्रकरण प्रलंबित आहे का. या शेवटच्या प्रश्नाला तुमच्या मुलाने मनावर ओझं न ठेवता ‘नाही’ लिहावं, यासाठीच मंडळाचा आदेश आधी हवा. मोठ्यांच्या केसचं काय, असं वाटत असेल, तर मुलाची आणि प्रौढांची कार्यवाही एकत्र चालतच नाही. काकांची केस ही त्याची केस नव्हे.

बाकीच्या प्रश्नांना कलम 24 चा आधार घेऊन सरळ ‘नाही’ लिहावं, असं सांगणारे वकील आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. तरी मी तुमच्या मुलाला तसं सांगणार नाही. जे नेमकं विचारलंय आणि जे घडलंय, ते लिहावं. सोबत अर्ध्या पानाचं निवेदन जोडावं : घटनेच्या दिवशी वय पंधरा, प्रकरण बाल न्याय मंडळापुढे होतं, अमुक तारखेच्या आदेशाने संपलं, प्रत जोडली आहे. ज्या भाऊबंदकीत बैलजोडीवरून काठ्या निघाल्या, तिथून एक निनावी अर्ज जायला किती वेळ लागतो? दडवलेली गोष्ट अशी बाहेर आली, तर प्रश्न भांडणाचा राहत नाही, खोटं बोलण्याचा होतो, आणि अधिकारी होऊ पाहणाऱ्या मुलाला तोच जड जातो.

2016 मध्ये अवतारसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी हे नीट मांडलं. दिलेली माहिती खरी असली पाहिजे. पण फॉर्ममधला प्रश्न नेमका असला पाहिजे आणि जे विचारलंच नाही ते दडवलं, असं म्हणता येत नाही. 2019 मध्ये रमेश बिश्नोई प्रकरणात तर केंद्रीय सशस्त्र पोलीस दलात निवड झालेल्या तरुणाचा प्रश्न होता. अल्पवयात लागलेल्या आरोपांवरून त्याला नोकरी नाकारता येणार नाही, आरोप खरे धरले तरी नाही, असं न्यायालयाने सांगितलं. निवेदनात या दोन्ही निकालांचा उल्लेख करा.

आणि त्याला अभ्यास करू द्या. लेखीला 900 गुण, तितकेच एसएसबीला. जळगावच्या तारखेला त्याची गरज लागली तर एक दिवस येईल, बाकीची धावपळ तुम्ही आणि मोफत मिळालेला वकील मिळून करा. मुलाखतीत गावाबद्दल, घराबद्दल बोलता बोलता हा विषय निघाला, तर त्याने फॉर्मवर लिहिलंय तेच दोन वाक्यांत सांगावं. काकांची बाजू मांडत बसू नये आणि स्वतःची बाजूही लांबवू नये.