खनिजं एकीकडे, पैसा दुसरीकडे

प्रश्न : देश एक, सरकार एक, चलन एक, तरी एक भाग श्रीमंत आणि दुसरा कायम मागास असं का होतं? मित्रांमध्ये वाद झाला, बहुतेकांचं म्हणणं पडलं की जिथली जमीन चांगली आणि जमिनीखाली खनिजं आहेत तेच भाग पुढे जातात. खरं आहे का?

उत्तर : तसं असतं तर झारखंड आणि ओडिशा आज देशात सगळ्यात पुढे दिसले असते, कोळसा, लोहखनिज दोन्ही तिथेच आहे ना. पण १९५०च्या दशकात केंद्राने मालवाहतुकीचं भाडं समान करायचं धोरण आणलं, म्हणजे पोलाद खाणीशेजारच्या कारखान्याला ज्या भावात मिळणार त्याच भावात हजार-दीड हजार किलोमीटरवरच्या कारखान्यालाही, मग खाणीजवळ कारखाना टाकायचं कारणच काय उरलं? बंदरं आणि गिऱ्हाईक जवळ म्हणून उद्योग महाराष्ट्र, गुजरात, तामिळनाडूत वाढले. पश्चिमेकडच्या कापसाला मात्र हा नियम लावला नाही, आणि हे मला आजही अन्यायाचं वाटतं. धोरण १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला गेलं खरं, पण तोवर सुटे भाग बनवणारे, बँका, कॉलेजं, कुशल कामगार सगळं पश्चिम-दक्षिणेत बसलं होतं. त्यात बिहार-बंगालमध्ये १७९३पासून कायमधारा होता, म्हणजे सरकारला द्यायचा सारा कायमचा ठरवून जमीन जमीनदारांच्या हाती देण्याची इंग्रजांची पद्धत, जमीनदार खंड घेणार आणि जमिनीत पैसा घालणार नाही, हे त्याआधीचं दुखणं.

एकदा पुढे गेलेला भाग बाकीच्यांकडची तरुण माणसं आणि भांडवल ओढत राहतो, हे गुन्नार मिर्दाल या स्वीडिश अर्थतज्ज्ञाने १९५७मध्येच मांडलं होतं.

ब्राझीलचं बघा. १७६३पर्यंत राजधानी ईशान्येत, साल्वादोरला होती, साखरेचा सगळा पैसा तिकडे. पण १६९०च्या दशकात सोनं दक्षिणेकडे मिनास जेराइस भागात सापडलं, मग साव पावलोची कॉफी, तिच्यासाठी रेल्वे, कॉफीच्या पैशातून कारखाने. ईशान्य मागे पडली आणि लोक म्हणायला लागले, तिथे दुष्काळ असतो म्हणून. आतल्या भागात भयंकर दुष्काळ पडतात हे खरंच आहे, १८७७चा तर फारच वाईट होता, पण किनाऱ्यालगतच्या उसाच्या पट्ट्यात पाऊस भरपूर, जमीन सुपीक, आणि तिथला मजूरही गरीबच! कारण जमीन मोजक्या घराण्यांकडे, गुलामगिरी १८८८पर्यंत चाललेली, मजुराच्या पोराला शाळा द्यायची गरज मालकांना कधी वाटलीच नाही.

१९५९मध्ये सरकारने ईशान्येच्या विकासासाठी खास संस्था काढली, करसवलती दिल्या, कारखाने आलेही, पण त्यात यंत्रं जास्त आणि माणसं कमी. १९६४मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि जमिनीच्या फेरवाटपाचा विषय मागे पडला. आजही ईशान्येचं दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीच्या निम्म्याच्या आसपास आहे.