ग्रेनाश फिका दिसतो म्हणून नापास करू नका

तुमचा प्रश्न असा: चार वर्षांची शातोनफ-द्यु-पाप (फ्रान्सच्या दक्षिण ऱ्होन खोऱ्यातली, बहुतेकदा मुख्यतः ग्रेनाश द्राक्षाची लाल वाइन) उघडली, रंग फिका, कडेला विटकरी झाक आणि घोट घेतल्यावर घशात जळजळ, बाटली खराब निघाली का? रंगावरून तरी तसं म्हणता येत नाही. जळजळीचं मात्र नीट तपासायला हवं.

ग्रेनाशची साल पातळ, तिच्यात रंग कमी. सिराह या गडद रंगाच्या द्राक्षाच्या वाइनची सवय असलेल्या डोळ्याला तो नेहमीच अशक्त वाटणार. शिवाय त्याला हवा सोसत नाही, म्हणून विटकरी झाक लवकर येते. दक्षिण ऱ्होनमध्ये बरेच जण तो छोट्या नव्या पिंपांऐवजी काँक्रीटच्या टाक्यांत किंवा मोठ्या जुन्या लाकडी पिंपांत मुरवतात, ते याचसाठी. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरा. मधला भाग माणकासारखा लाल, स्वच्छ आणि फक्त कड विटकरी असेल तर वयाला शोभतं. मध्यापर्यंत तपकिरी, मळकट असेल तर शंका घ्या. ग्लासावरून ओघळणाऱ्या धारांना गुण देऊ नका. त्या मुख्यतः अल्कोहोलच्या.

आता जळजळ. या वाइनला 14.5–15 टक्के अल्कोहोल नेहमीचंच. तिथे अल्कोहोल वाढवायला रसात साखर घालायला बंदी आहे, म्हणजे ते सगळं द्राक्षाचंच. ग्रेनाशमध्ये साखर भराभर चढते, साल आणि बिया मागून पिकतात. वाट बघावी तर आंबटपणा उतरतो. पण 30 अंशांच्या खोलीत चांगली बाटलीही जाळतेच. बर्फ-पाण्यात दहा-बारा मिनिटं बुडवून 16–17 अंशांवर आणा आणि मग निकाल द्या.

ग्लासात 50 मिली पुरे. आधी न हलवता वास घ्या: ओल्या पुठ्ठ्याचा आला तर बूच बिघडलंय, व्हिनेगर किंवा कापून काळ्या पडलेल्या सफरचंदाचा आला तर हवा लागलीय. तबेल्याचा किंवा जखमेवर लावायच्या चिकटपट्टीचा वास म्हणजे ब्रेट नावाचं, वाइनचा वास बदलणारं यीस्ट. किंचित असेल तर काही जण चालवून घेतात, पण फळ झाकलं गेलं तर तो दोषच. ग्लास फिरवल्यावर स्ट्रॉबेरी, रासबेरी, संत्र्याची साल, पांढरी मिरी आणि सुकलेल्या थाइम-रोझमेरीचा वास यायला हवा. नुसताच मुरांबा आणि मनुका आल्या तर द्राक्षं जास्त पिकली होती.

खरी परीक्षा तोंडात. घोट दहा सेकंद फिरवा, थुंका आणि थांबा. ग्रेनाशमध्ये टॅनिन (तोंड तुरट करणारा घटक) बहुतेकदा मऊ असतं, हिरड्या आवळत नाहीत. त्याची तक्रार नको. लाळ सुटते का बघा. सुटली तर आंबटपणा शाबूत आहे. मग मागे काय उरतं? फळ आणि मिरी उरून ऊब त्यांच्या मागे राहिली तर वाइन उत्तम. फळ पाच सेकंदांत विरलं आणि घशात फक्त आग राहिली, तर 16 अंशांवरही तोल नाही. तो वाइनचाच दोष.

उरलेली वाइन बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच तापमानाला आणून पुन्हा चाखा. डिकँटरमध्ये (वाइन ओतून तिला हवा लागू द्यायच्या भांड्यात) तासन् तास ठेवू नका, अर्धा तास पुष्कळ झाला.