मोकळ्या किनाऱ्यावरचे सर्फिंग : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात या सदरात सर्फिंगची, म्हणजे समुद्राच्या लाटेवर फळीवर उभे राहून किनाऱ्याकडे सरकत येण्याच्या खेळाची, ओळख करून दिली होती. त्यावर सर्वाधिक पत्रे समुद्रापासून दूर असलेल्या आपल्या विदर्भातील खेड्यांतून आली. शिक्षण आणि नोकरीच्या निमित्ताने चेन्नई, विशाखापट्टणम, मंगळूरु अशा ठिकाणी गेलेली इकडची मुले हा खेळ शिकू लागली आहेत आणि त्यांच्या घरच्यांना त्याची उत्सुकता आणि काळजी दोन्ही वाटते, असे या पत्रांवरून दिसते. त्यांपैकी काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : मी चेन्नईजवळच्या एका कारखान्यात नोकरीस आहे. महाबलीपुरम येथे सर्फिंगचे प्राथमिक धडे घेतले. तेथे सुटीच्या दिवशी फार गर्दी असते. मात्र थोडे पुढे गेले की रेतीचा लांबच लांब किनारा मोकळा दिसतो. दगड नाहीत, माणसेही नाहीत. तेथे सराव करण्यास काय हरकत आहे? पाण्यात नेमके कोठून उतरावे?
(एक वाचक, ता. आमगाव, जि. गोंदिया)

उत्तर : मोकळा किनारा म्हणजे सोपा किनारा, असा समज नवशिक्यांत सर्रास आढळतो, म्हणून या प्रश्नाला जरा सविस्तर उत्तर देतो. पडणाऱ्याला खडकापेक्षा रेती बरी, हे खरे आहे. परंतु खडकाळ तळावरची लाट वर्षानुवर्षे जवळपास त्याच जागी फुटते, तर रेतीवर फुटणाऱ्या लाटेची जागा रेतीबरोबर सरकत राहते. वैनगंगेच्या काठच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. पूर ओसरल्यावर रेतीचा दांडा गेल्या वर्षीच्या ठिकाणी सापडत नाही आणि जेथून बैलगाडी पार होत होती तेथे डोह झालेला असतो. समुद्रात असा बदल व्हायला वर्ष लागत नाही, मोठ्या लाटांचे चार दिवस पुरतात. त्यामुळे मागच्या रविवारी जी जागा चांगली होती ती या रविवारीही चांगली असेल, असे गृहीत धरू नये.

आपण ज्या किनाऱ्यावर आहात तेथील रेती तर वर्षाचा बहुतेक काळ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकत असते. चेन्नई बंदराच्या भिंतींनी तिची वाट अडवली, म्हणून बंदराच्या दक्षिणेला मरीनाचा किनारा रुंद होत गेला आणि उत्तरेला रोयापुरमच्या बाजूची जमीन समुद्राने खाल्ली. किनाऱ्याची धूप थांबवण्यासाठी घातलेले लहान दगडी बांधही रेती अशीच अडवतात. अशा बांधाला लागून समुद्राकडे जाणारा प्रवाह बहुधा असतोच, म्हणून बांधाजवळ उतरू नये.

आता उतरण्याच्या जागेविषयी. पाण्यात जाण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या एखाद्या उंचवट्यावर किमान वीस मिनिटे बसून पाहावे, असा माझा आग्रह आहे. लाटा घोळक्याने येतात. काही लहान लाटांनंतर तीन-चार मोठ्या लाटांचा घोळका येतो आणि पुन्हा शांतता होते. पाच मिनिटे पाहणाऱ्याला ही मधली शांतताच दिसते आणि तो चुकीचा अंदाज बांधून पाण्यात शिरतो. या वीस मिनिटांत लाट प्रथम कोठे पांढरी होते, ते पाहावे. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाट फुटते, म्हणजे जेथे फेस आहे तेथे खाली रेतीचा दांडा आहे. मीटरभर उंचीची लाट फुटते तेथे उभ्या माणसाच्या छातीइतकेच पाणी असते.

फेसाच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये लाटा न फुटता पुढे येतात, असा एखादा गडद, शांत दिसणारा भाग आढळेल. नवख्याचा पाय नेमका तिकडेच वळतो. दांड्यांवरून किनाऱ्याकडे ढकलले गेलेले सारे पाणी याच खोलगट वाटेने समुद्रात परत जाते. यालाच रिप करंट म्हणतात. अनुभवी सर्फर ही वाट बाहेर जाण्यासाठी मुद्दाम वापरतात, पण आपण सध्या तिच्यापासून चांगले दूर, फेसाच्या भागात उतरावे आणि कमरेइतक्या पाण्यातच सराव करावा.

कोणती लाट निवडावी, हा याच्या पुढचा टप्पा आहे. काही लाटा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच क्षणी कोसळतात. त्यांच्यावर उभे राहिले तरी सरकायला जागा मिळत नाही. जी लाट एका ठिकाणी फुटू लागते आणि जिचे फुटणे हळूहळू एका बाजूला सरकत जाते, ती आपल्या कामाची. अशी लाट बहुधा रेतीच्या दांड्याच्या तिरप्या कडेवर मिळते.

दोन लाटांच्या माथ्यांमध्ये किती सेकंद जातात, तेही घड्याळ लावून मोजावे. सहा-सात सेकंदांच्या लाटा जवळपासच्या वाऱ्याने उठवलेल्या असतात. तेरा-चौदा सेकंदांच्या लाटा मात्र पार दक्षिणेच्या महासागरातील वादळांतून निघालेल्या असतात. त्यांचा घोळका खोल समुद्रात दिवसाला सुमारे ९०० किलोमीटर कापतो आणि आठवडाभराने आपल्या किनाऱ्यावर पोहोचतो. उंची सारखीच असली तरी चौदा सेकंदांची लाट सात सेकंदांच्या लाटेच्या दुप्पट शक्ती घेऊन येते, म्हणून नुसत्या उंचीवर जाऊ नये.

भरती-ओहोटीचा फरक चेन्नईकडे साधारण मीटरभर असतो, पण दांडा उथळ असल्यास तेवढ्यानेही बराच फरक पडतो. पूर्ण ओहोटीला लाट दांड्यावर आदळल्यासारखी फुटते. पूर्ण भरतीला ती दांडा ओलांडून थेट काठावर येऊन कोसळते. मधली वेळ बरी. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या मंद वाऱ्यात लाटेचा चेहरा नितळ राहतो आणि दुपारी समुद्रावरून वारा सुटला की सारे पाणी विस्कटते, त्यामुळे पहाटे उठण्याची गावाकडची सवय येथे उपयोगी पडेल.

रेतीचा किनारा म्हणजे केवळ शिकाऊंची जागा, असेही समजू नये. ऑलिंपिकमध्ये सर्फिंगचा प्रथम समावेश झाला तो टोकियोच्या स्पर्धेत, आणि ती सर्फिंगची स्पर्धा २०२१ साली जपानच्या चिबा प्रांतातील त्सुरिगासाकी या रेतीच्याच किनाऱ्यावर झाली.

मोकळ्या किनाऱ्यावर जाण्यास माझी हरकत नाही. एकट्याने जाण्यास मात्र ठाम हरकत आहे. गर्दीच्या ठिकाणी आपल्याला जी माणसे अडचणीची वाटतात, तीच प्रसंगी मदतीला धावतात. सोबत आपल्याहून जाणता एक जण पाण्यात आणि एक जण काठावर असावा, आणि जेथे पाण्यात उतरण्यास बंदीचा फलक आहे तेथे तो निमूटपणे मानावा.

प्रश्न : माझा मुलगा विशाखापट्टणमला शिकतो. लहानपणी पाठीला डबा बांधून गावच्या विहिरीत पोहायला शिकला आणि पुढे आमच्या गावचा मामा (माजी मालगुजारी) तलाव आरपार पोहू लागला. आता मित्रांबरोबर समुद्रात फळी घेऊन जातो. पोहणे येत असल्याने काळजी नाही, असे तो म्हणतो. माझे मन मात्र मानत नाही.
(एक आई, ता. साकोली, जि. भंडारा)

उत्तर : ताई, आपली काळजी रास्त आहे आणि मुलाचे पोहणेही वाया जाणारे नाही. खाऱ्या पाण्यात अंग अधिक सहज तरंगते आणि ज्याला पाण्याची भीती नाही तो घाबरून दम घालवत नाही. अडचण वेगळीच आहे. विहिरीत किंवा तलावात दमल्यावर माणूस सर्वांत जवळचा काठ धरतो, आणि पट्टीचा पोहणारा तर छाती काढून सरळ काठाकडे निघतो. रिप करंटमध्ये सापडल्यावर हीच सवय जिवावर बेतते.

हा प्रवाह बहुतेक वेळा सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास वाहतो, परंतु जोरात असला की दोन मीटरपर्यंतही जातो, आणि त्या वेगाविरुद्ध कसलेला जलतरणपटूही पुढे सरकू शकत नाही. तो माणसाला खाली ओढत नाही, बाहेर नेतो. म्हणून त्याच्याशी झुंजू नये. फळी सोडू नये, तिच्यावर पालथे पडून एक हात उंच करून मदत मागावी, आणि किनाऱ्याला समांतर हात मारत जेथे लाटा पांढऱ्या फुटत आहेत त्या बाजूला सरकावे. तेथील फेसच त्याला काठाकडे आणतो.

विहिरीची दुसरी सवय म्हणजे सूर मारणे. मी वर लिहिले त्याप्रमाणे लाट फुटते तेथे पाणी उथळ असते, आणि डोके खाली करून पडल्यास रेतीवर मान मोडू शकते. फळीवरून पडताना पाठीवर किंवा कुशीवर, शक्य तितके पसरट पडावे आणि वर येताना दोन्ही हातांनी डोके झाकावे, कारण तेवढ्यात फळी परत येऊन आदळण्याची शक्यता असते. फळीची दोरी मागच्या पायाच्या घोट्याला बांधतात. तिचा पट्टा घट्ट असावा आणि दोरी घोट्याच्या बाहेरच्या बाजूने, टाचेच्या मागे जाणारी असावी. आत राहिल्यास उभे राहताना तिच्यातच पाय अडकतो. दरवेळी पाण्यात जाण्यापूर्वी ही दोरी बोटांनी चाचपून पाहावी आणि कोठे चीर दिसल्यास त्या दिवशी ती फळी वापरू नये.

आणखी एक गोष्ट मुलाला जरूर सांगावी. आकाश निरभ्र आणि वारा मंद असतानाही दूरच्या वादळातून निघालेल्या लाटा अचानक किनाऱ्यावर चढतात. केरळात या प्रकाराला कल्लक्कडल म्हणतात. मे २०२४ मध्ये असा इशारा दिलेला असताना कन्याकुमारी जिल्ह्यातील एका किनाऱ्यावर पाच तरुण वैद्यकीय विद्यार्थी लाटेत ओढले जाऊन दगावले. हा इशारा हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र देते आणि ते लाटांची उंची व कालावधी यांचा अंदाजही रोज प्रसिद्ध करते. मुलाला ‘जपून जा’ एवढेच न सांगता आजचा इशारा पाहिलास का, बरोबर कोण आहे आणि काठावर कोण थांबणार आहे, असे तीन प्रश्न आपण विचारावेत. भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ आणि आपत्कालीन ११२ हे क्रमांक काठावर थांबणाऱ्याच्या फोनमध्ये असावेत.

प्रश्न : पावसाळ्यात कोकणात लाटा मोठ्या असतात असे ऐकतो. जुलैमध्ये जाऊन शिकता येईल का?
(एक वाचक, ता. मेहकर, जि. बुलढाणा)

उत्तर : नाही. त्या दिवसांतील कोकणचा समुद्र शिकणाऱ्यासाठी नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीही बंद असते. दिवाळीनंतर समुद्र निवळतो, मात्र तेव्हा कोकणात लाटा अनेकदा फारच लहान असतात. कर्नाटकात मंगळूरुजवळ मुल्की येथे २००४ पासून सर्फिंगची परंपरा आहे आणि ऑक्टोबर ते मे या काळात तेथे नवशिक्याला झेपतील अशा लाटा मिळतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या वाचकांना बल्लारशाहहून चेन्नईची थेट गाडी मिळत असल्याने महाबलीपुरम किंवा चेन्नईलगतचे कोवलम अधिक सोयीचे पडेल.

प्रश्न : फळी कोणती घ्यावी? आणि वर्षातून एकदाच समुद्रावर जाणे होणार असेल तर गावी राहून काय तयारी करता येईल?
(एक वाचक, ता. देसाईगंज, जि. गडचिरोली)

उत्तर : फळी विकत घेऊ नये, शिकवणाऱ्यांकडून भाड्याने घ्यावी. आठ ते नऊ फूट लांबीची, वरून मऊ फोमची फळी मागावी. चित्रात दिसणाऱ्या लहान टोकदार फळ्या शिकाऊ माणसाला तोलत नाहीत.

गावी करण्यासारखे पुष्कळ आहे. अंगणात फळीच्या आकाराची रेघ ओढून तिच्या मध्यावर पालथे झोपावे, तळहात बरगड्यांजवळ टेकवावेत आणि एका झटक्यात दोन्ही पाय पोटाखाली आणून उभे राहावे; गुडघा टेकवण्याची सवय लागू देऊ नये, कारण ती नंतर सुटता सुटत नाही. उभे राहताना नजर पायांकडे न ठेवता समोरच्या भिंतीवर ठेवावी. हे रोज दहा-बारा वेळा केले तरी समुद्रावरचे पहिले दोन दिवस वाचतील. त्याच्या जोडीला ओळखीच्या तलावात, सोबत घेऊन, दम टिकवण्यासाठी पोहावे. सर्फिंगमध्ये उभे राहणे काही क्षणांचे आणि पालथे पडून हात मारणे तासाचे असते, म्हणून खांदे तयार असलेला माणूस लवकर शिकतो. पुराच्या पाण्यात मात्र कोणताही सराव करू नये.

प्रश्न : मी मंगळूरुला परिचारिका आहे आणि मुल्कीच्या बाजूला सर्फिंग शिकते. त्या सकाळी पाण्यात आम्ही तिघेच होतो. मी एक लाट घेतली तर तेथील एका मुलाने मला बरेच सुनावले. एवढा समुद्र मोकळा असताना कसला नियम?
(एक वाचक, ता. चिमूर, जि. चंद्रपूर)

उत्तर : नियम असा आहे की लाट जेथे प्रथम फुटते त्या जागेच्या सर्वांत जवळ जो असेल, त्याची ती लाट. तो उठल्यावर त्याच्या पुढ्यात दुसऱ्याने उठू नये. रेतीच्या किनाऱ्यावर फुटण्याची जागा सरकत असल्याने हक्क कोणाचा, हे प्रत्येक लाटेला मान वळवून पाहावे लागते. किनारा मोकळा असला तरी सरकत जाणारी चांगली लाट एखाददुसऱ्या दांड्यावरच मिळते, आणि तिघेही साहजिकच तेथेच जमतात. दोन फळ्या एकमेकींवर आल्या तर त्यांच्या मागच्या बाजूच्या पात्यांनी खोल जखम होते; आपण रुग्णालयात काम करता, त्यामुळे यावर अधिक लिहीत नाही. त्या मुलाने अधिक सौम्यपणे सांगायला हवे होते, परंतु त्याचे म्हणणे बरोबर होते.

पुढच्या वेळी आधी त्याला भेटून आज कोठे उतरावे, असे विचारावे. आपल्याकडे किनाऱ्यावरचे अनेक सर्फर कोळी कुटुंबांतले असतात आणि रेती या आठवड्यात कोठे बसली आहे, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. मोकळा वाटणारा किनारा बहुतेक वेळा त्यांच्या कामाची जागा असतो. काठावर माणसे रांगेने दोर ओढताना दिसली, तर पाण्यात अर्धवर्तुळात टाकलेले जाळे काठाकडे येत आहे असे समजावे. फळीची दोरी त्यात अडकली तर आपला जीव धोक्यात येतो आणि त्यांचे दिवसाचे उत्पन्न बुडते, म्हणून जाळे पूर्ण ओढून होईपर्यंत काठावरच थांबावे.