बायकार्बोनेट शिकताना आधी पेशीच्या दोन बाजू काढा

ट्रान्सपोर्टरांची (पेशीपटलातून आयन नेणाऱ्या प्रथिनांची) नावं पाठ करायची घाई नको. आधी मूत्रपिंडातल्या निकटवर्ती नलिकेची (प्रॉक्सिमल ट्यूब्यूल) एकच पेशी काढा: एका बाजूला मूत्र, दुसरीकडे रक्त. गाळलेल्यापैकी सुमारे ८० टक्के बायकार्बोनेट इथेच परत मिळतं.

सगळ्यांची पहिली चूक म्हणजे मूत्राकडून बायकार्बोनेटचा बाण थेट पेशीत काढणं. तसं होत नाही. मूत्राच्या बाजूचा ट्रान्सपोर्टर एनएचई३ सोडियम आत घेऊन हायड्रोजन आयन बाहेर टाकतो. बाहेर हा आयन मूत्रातल्या बायकार्बोनेटला भेटतो, कार्बोनिक अनहायड्रेज हे एन्झाइम त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी बनवतं. कार्बन डायऑक्साइड आत शिरतो, तिथे पुन्हा बायकार्बोनेट तयार होतं. (अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध हेच एन्झाइम रोखतं, म्हणून लघवीत बायकार्बोनेट वाढतं.)

रक्ताच्या बाजूने एनबीसीई१ हा ट्रान्सपोर्टर ते बायकार्बोनेट बाहेर नेतो, एका सोडियमबरोबर तीन. इथे बायकार्बोनेट-क्लोराइडची अदलाबदल लिहू नका; ती संग्राहक नलिकेतल्या अल्फा पेशींची. तिथल्याच बीटा पेशी आणि त्यांचा ट्रान्सपोर्टर पेंड्रिन नंतर शिका.